डाव्या बाहीची लडी

या. बसा.

खिडकीजवळ घोंगडी अंथरली आहे, तिच्यावरच बसा. थोडी टोचेल. दख्खनी मेंढीची काळी लोकर, सनगरानं मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. टोचणारच ती. टोचू द्या.

आपण हळू बोलू. लेक आत झोपली आहे. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आली आहे. नववा लागलाय. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर, आणि पहाटे कुठे तिचा डोळा लागला.

नाशिकची पौषातली सकाळ आहे. निफाडकडे बागांमधून शेकोट्या धुमसत असतील, द्राक्षांना गारठा बाधू नये म्हणून. इथे उन्हाची एक पट्टी खिडकीतून आत येते आणि तुमच्या गुडघ्याशी थांबते.

थांबू द्या तिला. आपणही थांबू.

एक श्वास घ्या. सावकाश. सोडा.

*

आता हात पुढे करा. दोन्ही. तळवे समोरासमोर, अंगठे वर. मध्ये दीड वीत अंतर असू द्या.

मी तुमच्या हातांवर लोकरीची लडी चढवते. रोज लेक धरते. आज तुमचे हात.

वजन जाणवतं का? दोन लिंबांएवढं असेल, जास्त नाही. तेवढंच वजन आत्ता तुमच्याकडे आहे. दुसरं काही नाही.

तुम्ही काही करायचं नाही. हात तेवढे धरायचे. मी टोक शोधते आणि गुंडा करायला घेते.

धागा उजव्या अंगठ्यावरून सुटतो. मग डाव्या. मग उजव्या.

बघा, हात आपोआप झुकताहेत. धागा जिकडून सुटतो तिकडे जरासे, पुन्हा दुसरीकडे जरासे. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. लडी धरणारा प्रत्येक माणूस असाच डोलतो.

डोलू द्या हातांना.

उजवा. डावा.

उजवा. डावा.

*

आता धाग्याकडे बघा.

तो सरळ नाही. बारीक नागमोडी आहे, नुकत्याच सोडलेल्या वेणीच्या केसांसारखा. ही वळणं मी घातलेली नाहीत. प्रत्येक वळण म्हणजे एकेकाळचा एक टाका.

ही डावी बाही आहे. ह्यांच्या स्वेटरची.

चिंचेच्या टरफलाचा रंग होता त्याचा. लुधियानाची चार पदरी लोकर, अर्धा किलो. मीच विणला होता. तीस वर्षं तरी झाली.

तीन हिवाळे तो कुणी घातला नाही. कपाटात होता, कडुनिंबाचा पाला घालून घडी केलेला. यंदा दिवाळी झाली आणि मी तो मांडीवर घेतला. गळ्यापाशी टोक शोधलं.

वीण जिथे संपते, तिथूनच ती उसवते. शेवटी घातलेला टाका आधी सुटतो. टोक एकदा हाताला लागलं की जोर लावावा लागत नाही. एक ओळ या अंगानं सुटत जाते, पुढची त्या अंगानं. बारीक खर्र असा आवाज येत राहतो.

मग त्या धाग्याच्या लड्या केल्या. रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवल्या. चोळल्या नाहीत; गरम पाण्यात चोळली की लोकर आटते, तिचे तंतू एकमेकांना धरून बसतात आणि मग सोडत नाहीत. नुसत्या दाबल्या आणि दोरीवर टांगल्या. खाली वजनाला एक तांब्या अडकवला.

ओल्या लोकरीची वळणं त्या वजनानं सैल होतात. बरीचशी जातात. सगळी जात नाहीत.

राहिलेली तुमच्या हातांवर आहेत. बघा.

बघत राहा.

*

नुसतं बघून झालं असेल, तर आता वास घ्या.

हात वर न्यायची गरज नाही. मान जराशी खाली करा. रिठ्याचा वास आहे. त्याच्याखाली कडुनिंबाचा. त्याच्याही खाली, खूप आत, लोकरीचा. मेंढीचा म्हणा हवं तर. तीस वर्षं झाली तरी तो असतोच.

आत घ्या. सोडा.

उजवा. डावा.

आत्ता मनगट चाललं आहे. बाही खालून वर विणतात, मनगटापासून खांद्यापर्यंत. उसवताना खांदा आधी सुटतो, म्हणून लडीत तो सगळ्यात खाली जातो आणि मनगट वर राहतं. आज आपण मनगटापासून निघालो आहोत. वर चाललो आहोत.

हा धागा जरा पिंजलेला दिसतो ना? इथे घड्याळ असायचं. पट्ट्याचं बक्कल घासायचं.

पिंजलेला धागा तुमच्या अंगठ्यावरून जाऊ द्या. जपायला नको, धरायलाही नको.

गेला.

*

दुधाचा वास आला. मंद गॅसवर ठेवलं होतं. मी उठते. गुंडा तुमच्या मांडीवर ठेवते. धागा तोडत नाही. तुम्ही असेच बसा.

आता तुम्ही एकटे आहात.

हात बांधलेले नाहीत, तरी हलवता येत नाहीत. टीपॉयवर तुमचा फोन थरथरतो. थरथरू द्या. नाकाच्या शेंड्याला खाज सुटते. सुटेलच. हात गुंतले की हमखास सुटते. तिच्याकडे थोडा वेळ नुसतं लक्ष द्या. ती वाढते. टिकते. मग कधीतरी तिथे नसते.

कान द्या.

स्वयंपाकघरात भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज. खाली कुणीतरी अंगण झाडतं आहे. खराट्याचे लांब फटकारे, मध्ये थोडी शांतता, पुन्हा फटकारा.

आणखी आत कान द्या. दाराच्या फटीतून लेकीचा श्वास ऐकू येतो का? येतो. जड आहे. दोघांचा आहे.

तुमचाही श्वास आहे. त्याला त्या श्वासाच्या लयीत आणायला जाऊ नका. तो आहे तसा असू द्या. घरात आत्ता किती श्वास चालले आहेत, तेवढं ऐका.

*

मी आले. दूध वाचलं.

गुंड्याला जरा विसावा देते. तुम्हाला एक दाखवायचं आहे. तुमचे हात गुंतलेत, म्हणून मीच डोळ्यांजवळ धरते.

हे टोपडं. अजून टोपडं नाही, किनार आहे नुसती.

आमच्याकडे नव्या जिवाला नवं कोरं घालत नाहीत. जुन्या धोतराचे लंगोट, जुन्या लुगड्याचं दुपटं. धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड हवं असतं त्याला. तशी ही लोकर. स्वेटरच्या गळपट्टीची ती किनारीला लागली, आणि किनारीपाशीच संपली. म्हणून आज बाही काढली.

चार सुयांवर विणते आहे, मोज्याच्या सुया असतात त्या. तिघी टाके धरून त्रिकोण करतात, चौथी फिरते. 10 नंबरच्या आहेत. या सुयांचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. 10 नंबरची सव्वातीन मिलिमीटर.

असं गोल विणलं की शिवण येत नाही. टाळूवर काही रुतत नाही.

असं बसून विणणं जुनं आहे. इजिप्तमध्ये सापडलेले सुती पायमोजे आठशे-हजार वर्षांचे मानतात. हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात मास्टर बर्ट्रामचं एक चित्र आहे, 1400च्या आसपासचं. त्यात माता मेरी चार सुयांवर एक छोटा सदरा गोल विणते आहे. जवळच मूल पुस्तक उघडून आडवं झालं आहे. मी ते छापलेलं पाहिलं आहे. तिची करंगळी कशी आहे, ते आधी पाहिलं. मग बाकीचं चित्र.

*

एकच टाका बघा.

इथे, माझ्या नखाजवळचा. गव्हाच्या ओंबीतला एक दाणा जसा तिरपा बसतो, तसा. शेजारचा टाका तसा नाही. त्याचा नुसता आडवा उंचवटा दिसतो. हा सुलट, तो उलट.

आता किनार आतल्या बाजूनं बघा. मी वळवते.

दाणा होता तिथे उंचवटा आला. उंचवटा होता तिथे दाणा.

मी काही बदललं नाही. वळवलं फक्त.

पुन्हा वळवते. बघा.

बघत राहा. कोणती बाजू खरी, ते ठरवायला नको.

*

आता मी चार टाके घालते. तुम्ही माझ्या हातांबरोबर या.

सुई टाक्यात जाते. धागा तिला वेढा घालतो. सुई वेढा घेऊन मागे येते. जुना टाका खाली उतरतो.

आत. वेढा. मागे. उतर.

जो खाली उतरला, तो पडला नाही. नवा त्याच्यातूनच आला आहे, म्हणून तो धरलेला राहतो. नव्याला सुईनं धरलं आहे. पुढच्या फेरीत तोही उतरेल.

आत. वेढा. मागे. उतर.

सुयांचा आवाज ऐका. टिक. खूप बारीक आहे. बाहेर खराटा थांबला, म्हणून ऐकू येतो.

टिक.

टिक.

88 टाके आहेत एका फेरीत. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 35 सेंटिमीटर असतो. वर्षभरात तो 46च्या आसपास जातो. एक सुलट, एक उलट अशी वीण रबरासारखी ताणते, डोक्याबरोबर वाढते. मिटलेली असताना तिच्या उलट टाक्यांचे रकाने आत दडलेले असतात. थोडी ताणते बघा. दिसले?

सोडते. दडले.

पुन्हा एकदा. ताणते.

सोडते.

*

आणि ही गाठ.

गळपट्टी एका जागी विरली होती. दाढीचे खुंट घासून घासून. उसवताना तिथे धागा तुटला. तुटला की गाठ मारावी लागते.

नेहमीच्या स्वेटरला गाठ आतल्या अंगाला ढकलतात. वरून दिसायला नको, एवढाच विचार असतो. टोपड्याला तसं चालत नाही. आतल्या अंगाला बाळाचं डोकं असतं. बाहेर ठेवावी, तर डोळ्यांना सलते.

म्हणून किनार दुप्पट लांब विणते आणि दुमडते. गाठ त्या दुमडीत जाते. दोन पदरांच्या मध्ये.

तुमच्या गालाला लावून बघू? थांबा, मीच लावते.

लागते का?

नाही लागत. आहे मात्र.

तिथेच राहू द्या लक्ष. दोन पदरांच्या मध्ये. न दिसणाऱ्या, न टोचणाऱ्या त्या जागेशी.

एक श्वास.

आणखी एक.

*

चला, गुंडा घेऊ.

उजवा. डावा.

लडी हलकी झाली आहे. आता एका लिंबाएवढी असेल. हात डोलायचे थांबले होते. पुन्हा आपल्या आपण डोलू लागले.

कोपर येईल आता. धागा बारीक होत चाललाय, बघा. हे टेबलावर डावं कोपर टेकून बसायचे. शब्दकोडं सोडवताना. डावं कोपर टेकलेलं, हनुवटी तळव्यात, उजव्या हातात पेन्सिल.

ही पहिली गाठ. तुमच्या अंगठ्यावर क्षणभर अडकली. आणि सुटली.

ही दुसरी.

मध्ये हातभर धागा अगदी विरळ आहे, एका पदराला धरून राहिलेला. तो ओढत नाही मी. तुम्हीही हात जवळ आणा जरासे. सैल. आणखी सैल.

तो आपला आपण येऊ दे.

आला.

ही तिसरी गाठ. कोपर संपलं.

हात पुन्हा होते तसे करा. खांदे सोडा. कोपर जपता जपता तुम्ही श्वास धरून ठेवला होता. मीही.

सोडू या.

*

आता वरचा दंड. इथे धागा जाड आहे, जवळजवळ नव्यासारखा. दंडाला काही घासत नाही.

त्याला अंगठ्याच्या आतल्या बाजूनं स्पर्श करा. नुसता टेकवा.

ऊब लागते? ती लोकरीची नाही. लोकर स्वतः गरम नसते. तिचा तंतू जन्मतःच कुरळा असतो, त्या कुरळ्यांमध्ये हवा अडकते, आणि अडकलेली हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही. मघापासून लडी तुमच्या हातांवर आहे. जी ऊब लागते, ती तुमचीच आहे.

तिच्यापाशी थांबा.

उजवा. डावा.

उन्हाची पट्टी तुमच्या गुडघ्यावरून मांडीवर चढली. कधी चढली, ते आपण दोघांनीही पाहिलं नाही.

*

थोडेच वेढे राहिलेत.

रंग बदलला. बघा ना. चिंचेचं टरफल होतं, त्याचा गव्हाचा कोंडा झाला. हे डावा खांदा खिडकीकडे करून बसायचे. तुम्ही बसलात तिथेच. उन्हानं खांद्याचा रंग नेला.

हा खांदा.

लेक लहान असताना याच खांद्यावर झोपायची. डाव्या. उजवा हात त्यांना मोकळा लागायचा, पेपरची पानं उलटायला. पान उलटल्याचाही आवाज होऊ नये म्हणून काय ते जपणं. तिची लाळ गळायची, इथे, या चार-सहा वेढ्यांवर. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. त्यांना कधी कळायचं नाही. मला दिसायचं. धुताना.

पाच वेढे.

चार.

हात स्थिर ठेवा. घाई नाही. टोक कुठे पळत नाही.

तीन.

गुंडा होतो तेव्हा जे शेवटी येतं, ते सगळ्यात वर राहतं. मनगट आता आत आहे, मधोमध. त्याच्यावर कोपर, तिन्ही गाठींसकट. त्याच्यावर दंड. सगळ्यात बाहेर खांदा. दुपारी विणायला घेतलं, की किनारीच्या पुढचा पहिला टाका या खांद्याच्या लोकरीचा पडेल.

दोन.

एक.

धागा सुटला.

*

हात लगेच खाली घेऊ नका.

बघा, मध्ये काही नाही. तरी ते तसेच आहेत. दीड वीत. तळवे समोरासमोर. अजूनही किंचित डोलताहेत, नसलेल्या धाग्याबरोबर.

डोलू द्या.

आपोआप थांबतील.

तळव्यांच्या मधली हवा जाणवते का? तिला अजून थोडी ऊब आहे.

श्वास घ्या. सोडा.

मी गुंडा परडीत ठेवते. आवाज होत नाही. लोकर ठेवताना होत नाहीच.

आत पलंग कुरकुरतो. बांगड्या वाजतात. जमिनीवर एक पाऊल, थोडं थांबून दुसरं.

उठली ती.

आता मोठ्यानं बोललं तरी चालेल.

आपण बोलत नाही.